फडक्यानं पुसलेला ओरखडा

पत्र : दादा, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. दुसऱ्या शहरात मोठ्या विमानतळावर सामान चढवायचं-उतरवायचं काम करतो, ठेकेदाराकडनं. जोतिबाच्या यात्रेला दोन दिवस घरी आला, पण ताटावर बसायचा आणि उठायचा. जायच्या आदल्या रात्री बोलला. महिन्यापूर्वी रात्रपाळीत सामानाच्या ट्रॉलीचा कोपरा विमानाला घासला. ट्रॅक्टरवर दुसरा पोरगा होता, हा शेजारी उभा. सुपरवायझर आला, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "रंगच गेलाय. गप बसा, उगंच सगळ्यांच्या पोटावर पाय आणू नका." विमान गेलं. पुढं काही झालं नाही. तरी ह्याला झोप नाही. आता महिन्यानंतर त्यानं बोलावं का? एवढ्या माणसांच्या जिवाचा मामला, ह्यावर बघणारा कुणी सरकारी साहेब नसतो का? आणि माझा भाऊ म्हणतो, सोड ते आणि शिरोलीला फाउंड्रीत ये. काय करू?
— एक आई, उचगाव

ताई,

त्यानं बोलावं. महिना झाला असला तरी बोलावं, आणि तुम्ही त्याला अडवू नये. का आणि कसं, ते सांगतो. जरा लांबेल, कारण माझी निम्मी नोकरी त्याच डांबर-काँक्रीटवर गेली. लोडर म्हणून लागलो आणि रॅम्पवरचा, म्हणजे विमानं उभी करतात तिथला, सुपरवायझर म्हणून निवृत्त होऊन कोल्हापूरला परत आलो. तुमच्या मुलाचा तो सुपरवायझर मला नीट ओळखू येतो. एके काळी मीच तो होतो.

गळितात शिये-बावडा रस्त्यानं गेला असाल तर ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस जाताना रोज बघितलं असेल. वळणावर ट्रॅक्टर सहीसलामत निघतो, पहिली ट्रॉलीही निघते, मागची मात्र आत कापते आणि कडेच्या मोटारसायकलवाल्याची धांदल उडते. विमानतळावरचं सामानाचं लटांबर तसंच, फक्त ट्रॉल्या कधी तीन, कधी चार. ड्रायव्हरची नजर पुढं असते आणि विमानाला घासते ती शेवटची ट्रॉली. पुष्कळदा त्याला आवाजसुद्धा येत नाही, कारण बाजूला इंजिन नाहीतर जीपीयू, म्हणजे उभ्या विमानाला वीज देणारं यंत्र, घोंघावत असतो. म्हणजे घासलं हे फक्त शेजारी उभ्या असलेल्याला कळतं. या वेळी तो तुमचा मुलगा होता.

आता 'रंगच गेलाय' याबद्दल. विमानाचा पत्रा बऱ्याच ठिकाणी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो. वर ३५ हजार फुटांवर बाहेरची हवा विरळ असते आणि आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून दाब ठेवलेला असतो. त्या फरकामुळं प्रत्येक चौरस मीटर पत्र्यावर आतून पाच टनांच्या वर रेटा असतो. पत्रा धडधाकट असेल तर तो हे आयुष्यभर सोसतो. त्याला एखादी चुणी पडलेली असेल तर मात्र ती कधी फाटेल, हे खाली उभं राहून फडकं मारणाऱ्याला सांगता येत नाही. मलाही सांगता येत नव्हतं. ते ठरवायचं काम परवानाधारक इंजिनिअरचं. तो मोजपट्टी लावतो, पुस्तकात मर्यादा बघतो आणि सही करतो.

२६ डिसेंबर २००५ ला अमेरिकेत सिएटलहून अलास्का एअरलाइन्सचं ५३६ क्रमांकाचं विमान बरबँकला निघालं. साधारण २६ हजार फुटांवर असताना एकदम हवेचा दाब गेला, ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले. वैमानिकांनी विमान खाली आणून सिएटलला परत उतरवलं, सगळे सुखरूप राहिले. अंगाला भोक पडलं होतं, फूटभर लांब आणि अर्धा फूट रुंद. निघण्याआधी सामानाच्या गाडीनं त्याच जागी विमानाला घासलं होतं आणि चालवणाऱ्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. विमान परत आल्यावर त्यानं ते कबूल केलं. पुढच्या तासा-दीड तासाचं सगळं महाभारत त्या एका न सांगितलेल्या वाक्यातून झालं.

तुम्ही म्हणाल, महिना झाला, विमान रोज उडतंय, काही झालं नाही. खरं आहे. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि म्हणूनच तर फडकं मारायची सवय लागते. पण एक गोष्ट तुमच्या मुलाच्या कानावर घाला. हल्ली विमानाचे बरेच भाग पत्र्याचे नसून कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून केलेले असतात. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर ज्या जातीचं पंख्यांचं विमान येतं, त्या एटीआर-७२ च्या पंखांचा बाहेरचा भाग असाच आहे. पत्र्याला धक्का बसला की पोचा दिसतो. या कार्बनच्या अंगाला धक्का बसला तर वरून रंग उडाल्यासारखं दिसतं आणि आतले थर सुटलेले असू शकतात. त्याचं घासलेलं ठिकाण कशाचं होतं हे मला माहीत नाही, त्यालाही नसेल. म्हणूनच बघू द्यावं. महिन्यानं बघितलं तरी कळतं, थर आपोआप परत चिकटत नाहीत.

इथं माझं एक सांगतो, कारण नुसता उपदेश करायला मला तोंड नाही. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर माझ्या ट्रॉलीचा दांडा इंजिनच्या झाकणाला लागला. बोटभर खळगा पडला. मध्यरात्र होती, विमान आधीच दीड तास उशिरा होतं. मी इकडंतिकडं बघितलं आणि गप राहिलो. पुढच्या गावी सकाळी इंजिनिअरला तो खळगा दिसला. आता तुम्हीच सांगा, आळ कुणावर आला? तिथल्या पोरांवर. त्यांच्यातल्या एकाला पंधरा दिवस घरी बसवलं. मला हे दोन महिन्यांनी चहाच्या टपरीवर कळलं. त्या पोराला मी कधी बघितलं नाही, नावही माहीत नाही. तुमच्या मुलाला झोप का येत नाही हे त्यामुळं मला कळतं, पण त्याच्या हातात अजून काहीतरी आहे. माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

तुमचा दुसरा प्रश्न : बघणारा साहेब असतो का. असतो. एक नाही, पुष्कळ असतात, आणि गोची तिथंच आहे.

ऊसतोडीची टोळी डोळ्यापुढं आणा. फडात राबतो तो तोडकरी, त्याला आणतो मुकादम, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी, त्याचा कारखान्याशी. फडात कुणाचा पाय कापला तर कारखाना वाहतूकदाराकडं बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडं. विमानतळावर तुमचा मुलगा ठेकेदाराचा, ठेकेदार हँडलिंग कंपनीचा, म्हणजे विमानाची जमिनीवरची कामं घेणाऱ्या कंपनीचा, कंपनी विमानकंपनीला बांधलेली, आणि उभे सगळे विमानतळवाल्याच्या जागेत. सगळ्यांच्या वर दिल्लीचं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय.

डीजीसीएचा हिशेब आजवर मुख्यतः असा राहिला आहे : विमानकंपनीला परवाना आम्ही देतो, विमानतळाला परवाना आम्ही देतो, त्यांच्या नावानं जो कुणी विमानाला हात लावेल त्याची जबाबदारी त्यांची. काम ठेक्यानं दिलं म्हणून जबाबदारी ठेक्यानं जात नाही. तपासनीस एप्रनवर, म्हणजे त्याच रॅम्पवर, येतात, चाकांना चॉक म्हणजे अडसर लावलेत का, भोवती कोन म्हणजे रंगीत शंकू ठेवलेत का, गाडी चालवणाऱ्याकडं आतल्या रस्त्यांचा परवाना आहे का, हे बघतात. २०१९ पासून ग्राउंड हँडलिंगच्या माणसांचीही दारूची अचानक चाचणी होते, पूर्वी ती वैमानिक आणि केबिन क्रूपुरती होती. मंत्रालयाचे २०१७ चे नियम हे काम कुणी करायचं ते ठरवतात.

एक गंमत बघा. आपण मराठीत सुरक्षा आणि सुरक्षितता हे शब्द एकाच पिशवीत टाकतो, पण विमानतळावर ती दोन वेगळी खाती आहेत. मुलाच्या गळ्यात जो पास आहे, ज्यासाठी पोलीस पडताळणी झाली, ती सुरक्षा. ते बीसीएएसचं, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी ब्युरोचं खातं, तिथं प्रश्न असतो की हा माणूस घातपात करणारा नाही ना. सुरक्षितता म्हणजे हाच भला माणूस दमून, घाईत, अंधारात चूक करणार नाही ना. पहिल्या खात्याचा धाक एप्रनवर प्रत्येकाला असतो, पास विसरला तर गेटवरूनच परत. दुसऱ्याचा तसा नसतो. पास नसलेला माणूस कॅमेऱ्यात दिसतो, पण १२ तास उभं राहून आलेला माणूस पास घालूनच आत येतो आणि त्याचा थकवा कुठल्याच यंत्रात वाजत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. जगभर वैमानिकाला परवाना, इंजिनिअरला परवाना, विमानकंपनीला, विमानतळाला परवाना. पण विमानाला चारी बाजूंनी गाड्या लावणाऱ्या कंपनीकडं सुरक्षिततेच्या नजरेनं थेट बघणं फार उशिरा सुरू झालं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे आयकाओची, ग्राउंड हँडलिंगची मार्गदर्शिका आली २०१९ साली. विमानकंपन्यांच्या आयाटा संघटनेची तपासणी २००८ पासून आहे, पण ती धंद्यातल्यांनी आपखुशीनं लावून घेतलेली शिस्त. युरोपनं २०२५ मध्ये नियम काढले, त्यांनी हँडलिंग कंपन्या पहिल्यांदाच सरळ सरकारी देखरेखीखाली येतील, आणि तेही लागू होणार मार्च २०२८ पासून. हे सगळं कशानं हललं, ते विचाराल तर थोडं जिवाच्या काळजीनं आणि थोडं पैशानं. जमिनीवर होणाऱ्या धडकांचा खर्च २०३५ पर्यंत दुपटीनं वाढून वर्षाला १० अब्ज डॉलरवर जाऊ शकतो, असा आयाटानंच २०२२ मध्ये अंदाज काढला होता. यात बहुतेक धडका उभ्या विमानाला गाड्यांनी दिलेल्या असतात. विमान जागचं हलत नाही, आपण जाऊन त्याला धडकतो.

पण ताई, कुठलाही साहेब रात्री अडीच वाजता त्या बेवर, म्हणजे विमान लावायच्या जागेवर, उभा नसतो. दिल्लीच्या सगळ्या फायली शेवटी तिथं उभ्या असलेल्या चौघा-पाचजणांच्या तोंडावर चालतात. त्यांनी सांगितलं तर कळतं, नाहीतर कॅमेऱ्यात एक ट्रॉली वळताना दिसते, एवढंच.

आता बोलायचं कसं. ह्यात घाई नको आणि निनावी चिठ्ठीही नको. निनावी चिठ्ठीला उलटा प्रश्न विचारता येत नाही, मग ती फायलीत झोपते.

त्यानं आधी एका कागदावर आपल्यासाठी लिहून काढावं : तारीख, पाळी, बे नंबर, फ्लाइट नंबर, विमानाचं नोंदणी अक्षर. आपल्याकडच्या विमानांच्या शेपटीजवळ 'व्हीटी' आणि पुढं तीन अक्षरं असतात, त्यावरून नेमकं ते विमान आज कुठं आहे ते कळतं. अक्षरं आठवत नसतील तरी तारीख आणि फ्लाइट नंबरवरून विमानकंपनी ते दहा मिनिटांत काढते. कुठं घासलं ते अंदाजानं : मागच्या सामानाच्या दाराच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, असं. काय बघितलं तेवढंच लिहावं. 'फार मोठं नुकसान झालंय' असं नको आणि 'काही विशेष नाही' असंही नको. सुपरवायझर काय म्हणाला हे लिहायचं का? खरं असेल तर लिहावं, पण एका ओळीत आणि शिवी न देता.

मग हँडलिंग कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरकडं. प्रत्येक कंपनीत असा माणूस आणि घटना कळवायचा फॉर्म असतो, बऱ्याच ठिकाणी पेटीही. ठेकेदाराकडं नाही, सुपरवायझरकडं नाही, सरळ सेफ्टीकडं. फॉर्म दिल्याची पोच किंवा मोबाइलवर त्याचा फोटो ठेवावा. दोन-तीन दिवसांत कुणी बोलावलं नाही तर विमानकंपनीच्या सुरक्षितता विभागाकडं जावं. त्यांना हे हवंच असतं, कारण जमिनीवर विमानाला इजा झाली तर वर कळवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि विमान त्यांचं आहे. तिथंही दार लागलं तर डीजीसीएकडं स्वेच्छेनं माहिती कळवायची सोय आहे, तिथं कळवणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. तिसरी पायरी आहे म्हणून पहिल्या दोन सोडू नयेत. ओरखडा लवकर बघितला जातो तो पहिल्या दोन पायऱ्यांवरच.

त्याच्याबरोबर ट्रॅक्टरवर जो पोरगा होता, त्याला आधी सांगावं. त्याच्या पाठीमागं हे करू नये. दोघं मिळून गेले तर फार बरं. तो नको म्हणाला तर, 'मी जातोय, तुझं नाव ड्रायव्हर म्हणून येईल, तू स्वतः आलास तर तुझंच वजन राहील,' इतकं स्पष्ट बोलावं. हे अवघड आहे, मला माहीत आहे. एका खोलीत राहत असतील तर आणखी अवघड.

नोकरी जाईल का? खोटा धीर देत नाही. ठेक्यावरच्या पोराला 'उद्यापासून येऊ नको' म्हणणं सोपं असतं. पण जी कंपनी नावाला तरी नियम पाळते तिथं चूक सांगणाऱ्याला शिक्षा करू नये, लपवणाऱ्याला करावी, असंच लिहिलेलं असतं, आणि महिन्यानं का होईना, आपण होऊन सांगणारा लपवणाऱ्यात मोडत नाही. लेखी पोच त्यासाठीच. त्याच्याकडं नेमणूकपत्र आहे का ते विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, ठेकेदाराच्या माणसालाही. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जातं का तेही बघायला सांगा. ही दोन कागदं जवळ असलेल्या पोराला घरी बसवताना ठेकेदार दोनदा विचार करतो.

पुढच्या वेळी, देव न करो, असं डोळ्यादेखत झालं तर महिना थांबायची गरज नाही. विमान बेवर असेपर्यंत तिथं बहुतेक वेळा विमानकंपनीचा इंजिनिअर असतो, त्याचा हात धरून दाखवावं. पुशबॅक, म्हणजे विमान मागं ढकलणं, सुरू होत असेल तर दोन्ही हात झटकन डोक्यावर नेऊन फुली मारायची, ही थांबायची खूण जगात सगळीकडं एकच. लोडरनं ती करायची नसते असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. विमान अर्धा तास उशिरा निघेल आणि शिव्या बसतील. मी खाल्ल्यात, पचतात.

तुम्ही पत्रात विचारलं नाही, पण ओळींच्या मध्ये दिसतं की तुम्हाला त्याच्याही जिवाचं भ्या वाटतंय. वाटावं असंच काम आहे. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत पुशबॅकच्या वेळी एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला. ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत माँटगोमेरीला एक कर्मचारी एम्ब्रेअर जातीच्या विमानाच्या इंजिनात गेली. त्या विमानाचं जमिनीवर वीज देणारं छोटं इंजिन, एपीयू, बंद होतं, म्हणून मोठं इंजिन दोन मिनिटं जास्त चालू ठेवलं होतं. विमान यायच्या आधी सगळ्यांना गोळा करून दोनदा बजावलं होतं की इंजिन बंद झाल्याशिवाय जवळ जायचं नाही. दोनदा सांगूनही झालं, कारण सवयीचे पाय डोक्याच्या आधी चालतात.

त्याला एकच विचारा : विमानाच्या पोटाखाली आणि पाठीवर लाल दिवा लुकलुकतो, तो विझायच्या आत तुमच्यातलं कुणी पुढं जातं का? उत्तर देताना तो क्षणभर थांबला तर समजा की जातात. तो दिवा विझल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, चॉक घेऊनही नाही, सुपरवायझर ओरडला तरी नाही. उजळाईवाडीला कुणाला सोडायला गेलात आणि विमान दिसलं तर तुम्हीही तो दिवा बघा. एटीआरचा पंखा फिरताना नुसता धुरासारखा दिसतो, रात्री तोही नाही.

राहिला भावाचा सल्ला. शिरोलीच्या फाउंड्रीत १३००-१४०० अंशांचा लोखंडाचा रस लाडलमधून डोक्यावरून जातो. म्हणजे धोका टाळायला तो तिथं जाणार असेल तर मामा-भाच्यानं जरा बसून बोलावं. पगार बरा आहे, घरी राहता येतं, तुमच्याजवळ असेल, ह्या कारणांनी यायचं तर जरूर यावं, त्यात कमीपणा नाही. पण आधी तो फॉर्म भरून यावं. नाहीतर साच्यात रस ओततानाही त्याला तीच ट्रॉली वळताना दिसत राहील.

आज फोन कराल तेव्हा 'काय झालं ते सांग' असं विचारू नका, ते त्यानं सांगून झालंय. बे नंबर आठवतोय का, एवढंच विचारा. आणि तो ट्रॅक्टरवरचा पोरगा कुठल्या गावचा आहे, तेही विचारा. त्याचीही आई असेलच की कुठंतरी.

तुमचा
दादा